रंकाळ्यावरच्या उलट फेऱ्या

वडिलोपार्जित घराची वाटणी झाली, तेव्हा मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या मधल्या भिंतीवरून थोरल्या भावाशी माझा वाद झाला आणि पुढे पावणेदोन वर्षे आमच्यात अबोला राहिला. दोघांनाही पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती फिरण्याची सवय. दादाची गाठ पडू नये म्हणून मी उलट दिशेने फिरू लागलो आणि तिथेच हिशेब चुकला, कारण एकाच दिशेने चालणारे दोघे क्वचित भेटतात, तर उलट चालणारे दर फेरीला दोनदा समोरासमोर येतात. तो दिसला की शालिनी पॅलेसकडे मान वळवून मी पुढे जात असे. पण तो मागे पडेपर्यंत छातीत होणारी धडधड चालण्यामुळे नव्हती, हे मला समजत होते.

त्याच काळात माझा रक्तदाब वाढला. तो केवळ अबोल्यानेच वाढला असे मानण्याइतका मी भाबडा नाही (तांबड्या रश्श्याचाही वाटा असणारच), परंतु राग येऊन ओसरला तर शरीर पूर्वस्थितीला येते आणि तेच भांडण मनात रोज उगाळत राहिले तर ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही तणावाची संप्रेरके पुन्हापुन्हा स्रवत राहतात, हे वाचल्यावर माझ्या फेऱ्यांचा अर्थ मला लागला.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये 42 विवाहित जोडप्यांच्या हातांवर लहान फोड आणून त्या जखमा किती दिवसांत भरतात हे पाहिले होते. मतभेदाच्या विषयावर बोलल्यानंतर जखमा सावकाश भरल्या, आणि एकमेकांशी अधिक कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांमध्ये भरण्याचा वेग इतरांच्या सुमारे 60 टक्केच होता. नातेसंबंध आणि आयुर्मान यांविषयीच्या 148 अभ्यासांचे 2010 मधील एकत्रित विश्लेषणही मी वाचले, पण त्या लाखोंच्या आकड्यांत मी कुठे दिसत नव्हतो. फोडाच्या जखमेत दिसलो.

कोल्हापूरकरांच्या रांगडेपणाचे कौतुक आपणच फार केले आहे. त्यात रागाला जागा आहे, ‘मला वाईट वाटले’ या वाक्याला नाही. फूटभर जागेचा राग मला मुळात नव्हताच. मोजणीच्या दिवशी दादाने मला न विचारता परका माणूस घरात आणला, याचे दुःख होते, आणि त्या दुःखाला त्याचे खरे नाव द्यायला मला पावणेदोन वर्षे लागली.

जानेवारीतल्या एका सकाळी मी त्याच्यासमोर थांबलो आणि एवढेच सांगितले. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तवाच बोलायचं न्हाईस व्हय?”

भिंतीचा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि माझी गोळीही चालू आहे. आता मी त्याच्याच दिशेने चालतो. गुडघ्यामुळे त्याची चाल मंद झाली आहे, त्यामुळे माझी फेरी दहा मिनिटांनी लांबते.