तुम्ही विचारलंत म्हणून: दुष्काळ म्हणजे ड्रॉट की फॅमिन?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, आणि हल्ली इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आलेले शेतकरीही विचारतात: बॉरो-लेंड, से-टेल, ब्रिंग-टेक असल्या जोड्या पाठ केल्या तरी ऐन वेळी उलट्या का होतात? फरक लक्षात ठेवायचा तरी कसा?

बहुतेक वेळा गफलत होते ती वहीत. दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे आपण एकच मराठी शब्द लिहितो. बॉरो म्हणजे उसने, लेंड म्हणजेही उसने. अर्थ खोटा नाही, पण जिथे फरक आहे तेवढीच जागा कोरी राहते. मग परीक्षेत डोकं त्या कोऱ्या जागेशी जाऊन अडतं.

मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात जवळचं उदाहरण दुष्काळाचं. अर्जात, निबंधात, भाषांतराच्या पेपरात दुष्काळ दिसला की निम्मे लोक फॅमिन लिहितात. ड्रॉट म्हणजे पाऊस नाही, जमिनीत ओल नाही, विहिरी आटल्या. फॅमिन म्हणजे माणसांना खायला मिळत नाही आणि उपासमारीने माणसं मरतात. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण व्हायलाच पाहिजे असं नाही. 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसं आजही सुकडीचं (दुष्काळी कामांवर वाटलेलं पौष्टिक पीठ) आणि मिलोचं (परदेशातून आलेली लाल ज्वारी) नाव काढतात. पाऊस नव्हता, पिकं गेली होती, पण लाखो हातांना खडी फोडायचं, बांधबंदिस्तीचं काम मिळालं आणि धान्य बाहेरून आलं. म्हणूनच अर्थशास्त्राच्या अभ्यासात तो ड्रॉट असूनही फॅमिन टळल्याचा दाखला म्हणून येतो. उलट 1943 साली बंगालमध्ये मोठा ड्रॉट नसताना लाखो माणसं अन्नावाचून गेली, ते फॅमिन. आपल्या तालुक्यात पेरण्या वाया गेल्या असतील तर ड्रॉट लिहा. फॅमिन लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, गावात भूकबळी पडले.

तिसरा शब्द स्कॅरसिटी. आपली टंचाई ती हीच. नळाला पंधरा दिवसांनी पाणी येत असेल तर वॉटर स्कॅरसिटी, मग पाऊस चांगला झालेला असला तरी. आणि ओल्या दुष्काळाचं वेट ड्रॉट मात्र कधीही करू नका. ड्रॉटमध्ये कोरडेपणा आधीच धरलेला आहे, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. अतिवृष्टीने सोयाबीन गेलं असेल तर क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेसिव्ह रेन, एवढं सरळ लिहावं.

याच्याच शेजारची जोडी वेदर आणि क्लायमेट. दोन्हींना आपण हवामान म्हणतो. आज उदगीरला आभाळ आलंय, हे वेदर. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, इथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा, हे क्लायमेट. क्लायमेटची सरासरी साधारण 30 वर्षांच्या नोंदींवरून काढतात. म्हणून टुडेज क्लायमेट असं लिहिलं की चूक. वाक्यात आज, उद्या, या आठवड्यात असं काही असेल तर वेदर.

ब्रिंग आणि टेकचा घोळ वेगळा आहे. इथे मराठीत आणणे आणि नेणे असे दोन शब्द आपल्याकडे तयार आहेत, तरी चूक होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. लातूरचा माणूस म्हणेल, द ट्रेन ब्रॉट वॉटर. मिरजेच्या फलाटावर उभा असलेला म्हणेल, द ट्रेन टुक वॉटर टू लातूर. गाडी तीच, पाणी तेच. बोलणारा कुठे उभा आहे, त्यावर शब्द ठरतो. वस्तू बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे येणार असेल तर ब्रिंग. ऐकणाऱ्याकडे हा भाग बरेच जण विसरतात. समोरच्याला फोनवर सांगायचं असेल की उद्या तुमच्याकडे येताना कागद आणतो, तर आय विल ब्रिंग द पेपर्स हेच बरोबर. मराठीतही आपण तिथे आणतोच म्हणतो, नेतो म्हणत नाही. म्हणजे कान बरोबर सांगत असतो, फक्त त्याचं ऐकायचं असतं.

से आणि टेलमध्ये अर्थापेक्षा पुढची जागा बघा. टेलनंतर ऐकणारा लगेच लागतो, मध्ये टू येत नाही: ही टोल्ड मी. सेला ऐकणाऱ्याची गरज नाही: ही सेड ही वॉज टायर्ड. ऐकणारा आणायचाच असेल तर टू लागतो: ही सेड टू मी. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही टोल्ड टू मी. ती आपल्या 'ला'मुळे होते. मला सांगितलं, मला म्हणाला, दोन्हीकडे 'ला' आहे, मग इंग्रजीतही दोन्हीकडे टू चिकटतो. टेल अ लाय, टेल द ट्रूथ, टेल अ स्टोरी यांत ऐकणारा नसला तरी चालतो. हे तीन तसेच पाठ करावेत.

हिअर आणि लिसनचं उत्तर तर मराठीत तयारच आहे: ऐकू येणं आणि ऐकणं. फोनवर रेंज नसली की आपण विचारतो, आवाज यायलाय का? हे कॅन यू हिअर मी. आर यू लिसनिंग विचारलं तर समोरच्याला वाटेल, माझं लक्ष नाही असं हा सुचवतोय. लिसननंतर कोणाचं किंवा काय ऐकायचं ते आलं की टू हवाच: लिसन टू मी. हिअरला तो नको.

आता बॉरो आणि लेंड. कागदावर बाण काढा. वस्तू माझ्याकडे येते तो बॉरो, आणि त्याच्यासोबत फ्रॉम. माझ्याकडून जाते तो लेंड, आणि त्याच्यासोबत टू. शेतकरी बँकेकडून पीककर्ज घेतो: ही बॉरोज फ्रॉम द बँक. बँक देते: द बँक लेंड्स टू हिम. कॅन यू बॉरो मी युवर पेन हे वाक्य मोडतं ते याच कारणाने. रेंट मात्र दोन्हीकडून चालतं. लातूरला शिकवणीसाठी खोली घेणारा विद्यार्थीही रेंट करतो आणि घरमालकही. मालकाच्या बाजूने स्पष्ट करायचं असेल तर रेंट आउट म्हणा.

हिस्टॉरिक म्हणजे इतिहास घडवणारं, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित. 17 सप्टेंबर 1948, हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तो हिस्टॉरिक दिवस. त्या काळातली कागदपत्रं हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे खर्च वाचवणारं. ठिबक सिंचन पाण्याच्या बाबतीत इकॉनॉमिकल, राज्याचं धोरण इकॉनॉमिक.

आणि यील्ड? तो आपला उतारा. एकरी किती क्विंटल, ते यील्ड. जिल्ह्यात एकूण किती सोयाबीन झालं, ते प्रॉडक्शन. उत्पादन हा शब्द दोन्हीकडे वापरायची सवय असल्यामुळे पीकविम्याच्या कागदांत लोक अडखळतात. गावच्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. उतारा म्हटलं की त्याला कळतं.

वहीचं म्हणाल तर अशी ठेवा. एका जोडीला एक पान. अर्थ शेवटी लिहा, आधी दोन पूर्ण वाक्यं लिहा, दोन्हीत माणसं आणि वस्तू त्याच ठेवून. पुढे येणारा फ्रॉम, टू जे काही असेल त्याखाली रेघ ओढा. इंग्रजी-मराठी शब्दकोशात दोन्ही शब्दांना सारखाच अर्थ दिसला तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा आणि व्याख्या सोडून आधी उदाहरणं वाचा. एका दिवशी दोन जोड्यांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि एकमेकींसारख्या जोड्या एकाच दिवशी तर नकोतच. बॉरो-लेंडबरोबर ब्रिंग-टेक घेतलं की बाणांची गल्लत होते.

अर्ज लिहिणाऱ्यांसाठी एक जोडी राहिली. निवेदनात आपण सहज लिहितो, आमची मागणी आहे. त्याचं वुई डिमांड केलं की सूर हुकमाचा होतो. मोर्चाच्या निवेदनात ते शोभतं. शिष्यवृत्तीचा हप्ता मिळावा म्हणून कार्यालयात देणार असाल तर आय रिक्वेस्ट लिहा, आणि त्यापुढे फॉर घालू नका: आय रिक्वेस्ट यू टू रिलीज द अमाउंट. फॉर लागतो तो रिक्वेस्ट हे नाम असताना, जसं माय रिक्वेस्ट फॉर द स्कॉलरशिप.