सॅड हिल: पाच हजार रिकाम्या कबरी

बाबा बांधकाम खात्यात होते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या वेस्टर्न चित्रपटाची कॅसेट लावली की शेवटच्या सॅड हिल कबरस्तानापाशी ते हमखास थांबवायचे. "हे एवढं बांधलं कुणी असेल रे?" हा त्यांचा दर वेळचा प्रश्न. म्हणून यंदा स्पेनला गेलो तेव्हा ते कबरस्तान आहे त्या बर्गोस प्रांतासाठी एक दिवस राखूनच ठेवला होता.

सांतो दोमिंगो दे सिलोस गावाच्या पुढे डांबरी रस्ता सुटतो आणि रानातली कच्ची वाट लागते. दोन्ही बाजूंना ज्युनिपरची खुरटी झाडं, वर गिधाडं. एका वळणावर खालची दरी उघडी झाली आणि मी जागीच उभा राहिलो. मधे दगडी फरसबंदीचा गोल, त्याभोवती कबरींची वर्तुळामागून वर्तुळं. पडद्यावर अमेरिकेतलं यादवी युद्ध चाललेलं असतं, पण माती सगळी इथली.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं: १९६६ साली चित्रपटाचा दिग्दर्शक सर्जिओ लिओने याच्यासाठी हे स्पॅनिश सैनिकांनी उभारलं. कबरी सुमारे पाच हजार, सगळ्या रिकाम्या. जवळच्या आर्लान्सा नदीवरचा चित्रपटातला पूलही सैन्यानंच बांधला होता. इशाऱ्यात घोटाळा झाला, कॅमेरे सुरू होण्याआधीच तो उडाला आणि सैनिकांनी तो पुन्हा बांधून दिला. हे ऐकून बाबा खूश होणार, हे मला तिथंच ठाऊक होतं.

शूटिंग संपल्यावर इथं गवत माजलं, मातीखाली फरसबंदी गडप झाली. २०१५ पासून काही चाहत्यांनी कुदळी-फावडी घेऊन ती उकरायला सुरुवात केली. देशोदेशीची माणसं मदतीला आली. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं आज क्रुसांवर रंगवलेली आहेत. चित्रपटात सोन्यासाठी उकरतात ती आर्च स्टँटनची कबर शोधायला वेळ लागला नाही. तिथं सगळेच फोटो काढतात. मी शेजारच्या कबरीपाशी जास्त रेंगाळलो. कथेत सोनं असतं ते तिच्यात, आणि तिच्यावर नाव नसतं. 'अनोळखी' एवढंच.

त्या शब्दापाशी मन अडकलं ते सुटेना. ज्या सैन्यानं ही खोटी थडगी रचली ते हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीचं सैन्य. त्याच काळात, याच प्रांतात, स्पेनच्या स्वतःच्या यादवी युद्धातली माणसं रानात गाडलेली होती. त्यांच्यावर क्रूस नव्हता की दगड. ला पेद्राहाच्या डोंगरात १९३६ साली गोळ्या घातलेल्या शंभराहून अधिक जणांचे सांगाडे २०१० पासून बाहेर काढले गेले. चित्रपटातल्या मेलेल्यांना पाच हजार थडगी मिळाली आणि खऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं एकही नाही, हे मला अजून पचत नाही. चित्रपटावरचं माझं प्रेम त्यानं कमी झालं नाही. पण तो गोल आता मी पूर्वीसारखा पाहू शकणार नाही.

रात्री हॉटेलातून बाबांना फोन केला. सैनिकांचं सांगितलं, पुलाचं सांगितलं. ते मनापासून हसले. मग ला पेद्राहाचं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"त्यांची नावं तरी कळली का रे?"

"थोड्यांचीच, बाबा."