ए-वन

मी स्पॅनिशमध्ये ए-वन आहे.

हे लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, “वा! या वयात! कमाल आहे बुवा.” मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. आपल्याकडे चहा ए-वन असतो, मिसळ ए-वन असते. युरोपात भाषा मोजायची जी सहा पायऱ्यांची शिडी आहे, तिची मात्र सगळ्यांत खालची पायरी म्हणजे ए-वन. त्या पायरीवरच्या माणसाला स्वतःचं नाव, गाव, वय सांगता येतं आणि हॉटेलात पाणी मागता येतं. सगळ्यांत वर सी-टू. माझ्या वेगाने तिथे पोचेपर्यंत मला पाणी दुसऱ्यांनी पाजायची वेळ आलेली असेल.

अप्पांचा दुसरा प्रश्न पुण्यात कुणीही विचारेल तोच. “पण उपयोग काय?” उपयोग काही नाही. मुलगी ठाण्यात, जावई तिथलाच. बँकेतून निवृत्त झाल्यावर जर्मन शिकायला म्हणून गेले होते, कारण पुण्यात सगळेच जर्मन शिकतात. अर्थात बॅच भरलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, स्पॅनिशमध्ये जागा आहेत.” साड्यांच्या दुकानात हवा तो रंग संपलेला असला की म्हणतात ना, ‘हा बघा, हाही खुलून दिसेल तुम्हाला’, तसं. रिक्षाचे पैसे तर गेलेच होते. फॉर्म भरला.

वर्ग शनिवार-रविवारी सकाळी, फर्ग्युसन रस्त्याच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही चौदा जण. त्यातले बारा माझ्या मुलीपेक्षा लहान, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि मी. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. तिला सगळे ‘प्रोफे’ म्हणतात.

पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर सर्वनामं लिहिली. यो म्हणजे मी. तू म्हणजे तू. मला वाटलं, अर्थ सांगायचा राहिला. पण नाही, स्पॅनिश ‘तू’ म्हणजे आपला तूच. उच्चारही तोच, आणि सलगीही तीच. मोठ्यांसाठी ‘उस्तेद’. हा शब्द मुळात ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली मेहेरबानी’ असा लांबलचक होता, झिजून एवढासा राहिला. गंमत म्हणजे उस्तेदबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतं. समोरच्याशी बोलायचं, पण तो तिसराच कुणी असल्यासारखं. आमच्याकडे आजी आजोबांना विचारायची, “स्वारी कुठे निघाली?” तेच हे व्याकरण.

संभाषणाच्या सरावासाठी जोड्या लावल्या, तेव्हा माझ्या वाट्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. प्रोफेने सांगितलं, तुम्ही दोघं मित्र आहात, तू म्हणा. मी म्हटलं, “ओला! कोमो एस्तास?” कसा आहेस? तो लाल झाला आणि म्हणाला, “ब्येन, काकू. इ उस्तेद?” बरा आहे, आणि तुम्ही? प्रोफेने तीनदा दुरुस्त केलं. तिन्ही वेळा ते उस्तेदच. त्याला ‘काकू’ आणि ‘तू’ एका वाक्यात बसवताच येईना. मला ते आवडलं, पण गुण कापले जातात म्हणून गप्प बसले.

वहीत मी स्पॅनिश देवनागरीत उतरवते. प्रोफेला ते पटत नाही, पण आमचं पुस्तक लिहिलंय इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. त्यात पानभर सूचना असते की ‘त’ म्हणताना जीभ दातांना लावा, इंग्रजीसारखी वर नेऊ नका. जी अडचण आपल्याला नाहीच, तिच्यावरचं औषध आपण विकत घेतो. त-ट वेगळे करायला आपण पहिलीतच शिकलो.

तरी एकदा देवनागरीनेच घात केला. घात कसला, माझ्या आळसाने केला. वय सांगायचा धडा होता. स्पॅनिशमध्ये माणूस अमुक वर्षांचा नसतो, त्याच्याकडे वर्षं असतात. वर्ष म्हणजे ‘आञो’, आणि मी घाईत लिहिलं होतं ‘आनो’. उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, “तेंगो सिंक्वेंता इ ओचो आनोस.” प्रोफेने ओढणी तोंडाला लावली. मग डॉक्टरसाहेब मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. शरीराच्या ज्या भागाचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते माझ्याकडे 58 आहेत, असं मी जाहीर केलं होतं.

त्या रात्री वही काढून ‘ञ’ गिरवला. च छ ज झ ञ. लहानपणी अंकलिपीत सगळ्या अक्षरांना चित्र असायचं, बाणाचा ण, छत्रीचा छ. या बिचाऱ्याला चित्र नाही आणि शब्दही नाही. बँकेत असा एक जण असतोच, मस्टरवर सही करतो आणि दिवसभर दिसत नाही. पन्नास वर्षं मी या अक्षराला त्यातलंच समजत होते. त्याची बदली स्पेनला झाली होती हे आता कळलं. तिथे ते मान्याना म्हणताना लागतं, सेन्योरा म्हणताना लागतं, देशाचं नाव घेताना, एस्पाञा म्हणतानाही लागतं. (बघा, दोन शब्द पुन्हा चुकीचेच लिहिले. मञाना, सेञोरा.)

सहाव्या धड्यात ‘गुस्तार’ आलं. पुस्तकात त्याला दीड पान, चौकट आणि वर सावधानतेचा त्रिकोण. इंग्रजी माणसाला समजावलं होतं, की आय लाइक कॉफी असं इथे म्हणत नाहीत. कॉफी मला आनंद देते, असं डोक्यात उलटवून घ्या. प्रोफेने इंग्रजीतून वाक्य दिलं आणि पोरांनी भराभर उत्तरं दिली: यो गुस्तो काफे. चूक. यो गुस्ता काफे. चूक. मागच्या बाकावरून डॉक्टर स्वतःशी पुटपुटल्यासारखे म्हणाले, “मला कॉफी आवडते. मे गुस्ता एल काफे.”

बरोबर.

मला म्हणजे मे, आवडते म्हणजे गुस्ता. कादंबऱ्या असल्या तर आवडतात, मे गुस्तान. तुला आवडते, ते गुस्ता. क्रियापद कॉफीच्या मागे जातं, माझ्या मागे नाही, आणि मी आपली ‘मला’ होऊन बाजूला बसते. हे उलटवायचं कशाला? मुळात सुलटच आहे. शेजारचा मुलगा जोरात म्हणाला, “आयला काकू, मराठीच आहे हे!” आणि मग “सॉरी.”

त्या दिवसानंतर आम्ही दोघं पुस्तकाच्या मधल्या इंग्रजीला वगळून जायला लागलो. पुण्याहून साताऱ्याला जायला मुंबईवरून गाडी कशाला बदलायची? मे पारेसे, मला वाटतं. मे दुएले ला काबेसा, मला डोकं दुखतंय. आपण ‘माझं’ म्हणतो, पण चालून जाईल. कर्ता सांगायची गरजही नाही. ‘आब्लो’ म्हटलं की बोलणारी मीच, जसं नुसतं ‘येते’ म्हटलं की निघाले ती मीच. फरक एवढाच, की ‘येते’मध्ये मी बाई असल्याचं कळतं आणि ‘आब्लो’मध्ये कळत नाही. 58 वर्षांत पहिल्यांदाच असं ‘बोलते’ तोंडात आलं, ज्याला माझ्या बाईपणाशी देणंघेणं नाही. अर्थात पुढे ‘दमले’ म्हणायची वेळ आली की ‘कान्सादा’तला शेवटचा आ पुन्हा सगळं सांगून टाकतो.

सगळंच जुळतं असं नाही. भूक त्यांना लागत नाही, त्यांच्याकडे ती असते, तेंगो आंब्रे. थंडी पडत नाही, ती कुणीतरी करतं, आसे फ्रिओ. पण आपली थंडी वाजते, तेव्हा दुसऱ्याला हसायचा हक्क आपल्याला नाही.

मला खरी मोहिनी घातली ती एका अक्षराच्या शब्दाने. ‘आ’. स्पॅनिशमध्ये घर बघते म्हणायचं असेल तर नुसतं बेओ ला कासा (यातला ‘ला’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’). भावाला बघते म्हणायचं असेल तर बेओ आ मि एर्मानो. कर्म माणूस असलं की आधी ‘आ’. पुस्तकात पुन्हा त्रिकोण. अहो, हा तर आपला ‘ला’! घर बघते, भावाला बघते. पुढचा बारकावाही तोच. कुणीतरी डॉक्टर हवा असेल, कुठलाही चालेल, तर ‘आ’ नको: डॉक्टर शोधतेय. ठरावीक डॉक्टर असतील तर हवा: डॉक्टरांना शोधतेय. रस्त्यावर कुत्रं बघितलं. घरच्या मोत्याला बघितलं. ज्याला आपण ओळखतो, मोजतो, त्याला ‘ला’.

हे वहीत लिहिता लिहिता एकदम आठवलं. तेविसाव्या वर्षी मी आतल्या खोलीत पोह्यांच्या बशा भरत होते आणि बाहेर कुणीतरी सांगत होतं, “मुलगी बघायला आलेत.” मुलगी बघायला. मुलीला नाही. तेव्हा व्याकरण कळत असतं तर पोह्यात मीठ जास्त घातलं असतं.

लिंगाचं म्हणाल तर टेबल बाई कशी आणि पंखा बाप्या कसा, हा इंग्रजांचा त्रागा आपल्याला समजत नाही. आपण तीन लिंगं पोसतो, तेही बिननियमाची. मला चुटपुट लागली ती नपुंसकलिंगाची. आपलं पुस्तक तिकडे पुल्लिंगी झालं, घर स्त्रीलिंगी झालं, मूल मुलगा की मुलगी ते ठरवून मोकळं झालं. ते सगळं ‘ते’ गेलं कुठे? मग एकदा प्रोफेने पिशवीत हात घालून काहीतरी न दाखवता विचारलं, “के एस एस्तो?” हे काय आहे? हा नाही, ही नाही, हे. जे काय आहे ते अजून माहीत नाही, त्याच्यासाठी दोन्हीकडे नपुंसकलिंग शिल्लक आहे. (पिशवीत कात्री होती. तिकडे कात्री अनेकवचनी असते, पण तो विषय नको.)

आकडे पाठ करताना मात्र थोडी लाज वाटली. तिकडे एकोणपन्नास नाही. चाळीस आणि नऊ, क्वारेंता इ नुएवे. तिशीपुढे सगळे आकडे असेच सरळ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं आलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांत लांब निषेध मी लिहिला होता. आता शनिवारी सकाळी पैसे भरून ‘चाळीस नऊ’ शिकते. निषेध मागे घेतलेला नाही.

आणि पगार. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, चावी आणि बटाट्यासारखाच. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, त्यामुळे ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांच्या यादीत तो अचानक समोर आला: पागार, म्हणजे पैसे देणे. पस्तीस वर्षं दर महिन्याला जो घेतला तो क्रियापद होता! मी उत्साहाने चालवून पाहिला. पागो, पागास, पागा, पागामोस. मी देते, तू देतोस, तो देतो, आपण देतो. या पूर्ण तक्त्यात ‘घेते’ कुठेच नाही.

अवघड गेलं ते ‘असणं’. त्यांच्याकडे दोन ‘आहे’ आहेत, सेर आणि एस्तार. वर्गात नियम सांगतात: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी बाई आहे, सेर. मी दमले आहे, एस्तार. मग हळूच कळतं की माद्रिद स्पेनमध्ये आहे यालाही एस्तार लागतं, जणू उद्या हलवणार आहेत. तेही घोकलं. मग कुटुंबाच्या धड्यात प्रत्येकाने घरच्यांबद्दल पाच वाक्यं सांगायची होती. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. मी कोशात पाहून वाक्य तयार केलं होतं, मि पाद्रे एस्ता मुएर्तो. म्हणजे मरण तात्पुरत्याच्या खात्यात. वाचताना अडखळले. प्रोफे म्हणाली, “हे बरोबर आहे, पण घरच्यांबद्दल असं थेट नका म्हणू. या नो एस्ता म्हणा.”

या नो एस्ता. ते आता नाहीत.

हे मला वहीत लिहावं लागलं नाही.

गेल्या रविवारी सहामाही परीक्षा झाली. लेखी सुरू व्हायला दोन मिनिटं होती, सगळे क्रियापदांचे तक्ते शेवटचे डोळ्यांखालून घालत होते. शेजारचा मुलगा खिसे चाचपत, वर न बघताच म्हणाला, “काकू, तिएनेस उन बोली?” पेन आहे का तुझ्याकडे? तिएनेस. तू. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी काही न बोलता पेन दिलं.

पेपर संपल्यावर जिन्यात मागून धावत आला.

“काकू, तुमचं पेन.”