पाय होते, चाक सुटलं

पाठीवर नंबर लावायला चार सेफ्टी पिना लागतात आणि दुसरा एक माणूस. हे मला रेसच्या दिवशी पहाटे साडेपाचला, अंधारात, पार्किंगमध्ये कळलं. जर्सी अंगात घालूनच नंबर लावायचा, काढून लावला की तो सायकलवर वाकल्यावर पोत्यासारखा फुगतो, हे शेजारच्या काकांनी सांगितलं आणि मग स्वतःच माझ्यामागे उभे राहून मला "वाक, अजून वाक, हां" करत पिना टोचल्या. त्यातली एक मला लागलीसुद्धा. काकांचं वय पन्नाशीच्या पुढे असणार, पोटऱ्या मात्र बघण्यासारख्या. मी मनात म्हटलं, बरंय, निदान एक जण तरी आपल्या मागे राहील. (नाही राहिले. पुढे येईलच.)

दीड वर्ष मी एकटाच सायकल चालवत होतो. म्हणजे रविवारी चार मित्रांबरोबर, पण ते गप्पा मारत चालवणं. रेस वेगळी हे ऐकून माहीत होतं. आपली समजूत अशी होती की रेस म्हणजे ज्याचे पाय दमदार तो पुढे, बाकीचे मागे, चढ आला की गळती लागणार, आणि चढावर मी बरा आहे, तेव्हा ठीकच होईल. अठरा किलोमीटरचा लॅप, चार लॅप, म्हणजे बहात्तर किलोमीटर. दर लॅपला दोन किलोमीटरचा एक चढ, आणि बाकी सपाट रस्ता, त्यात एक यू टर्नसारखा उजवा कोपरा. चढाचा मी महिनाभर अभ्यास केला होता. कोपऱ्याचा कोण अभ्यास करतं?

स्टार्टलाइनला सगळे एकमेकांच्या सायकली उचलून बघत असतात. अनोळखी माणसाची पण, बिनधास्त. "अरे वा, साडेसातच्या आत असेल ना?" वगैरे. प्रोफेशनल रेसमध्ये यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, नियम आहे की सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही, आणि इथे आम्ही, ज्यांना स्वतःच्या पोटावरचे चार किलो दिसत नाहीत, ते बॉटल केजचे वीस ग्रॅम कमी केले म्हणून खूश. मीही केले होते. कबूल.

शिट्टी वाजली. आणि पहिली गोष्ट काय कळली तर आवाज. साठ-सत्तर जणांच्या क्लीट, म्हणजे बुटाखालच्या खाचा, एकदम पॅडलमध्ये बसतात तो खटखटखट आवाज, मग चेनचा, टायरचा, आणि मधेच कुणीतरी ओरडतंय "खड्डा!" आणि तो शब्द पुढून मागे सरकत येतो, आपणही ओरडतो, बघितलेला नसतानाच. पुढची गाडी दोन किलोमीटर सगळ्यांना सावकाश नेते आणि मग एकदम सुटते. त्यानंतर माझ्या कॉम्प्युटरवर ३९ दिसलं. ताशी ३९! एकटा असताना मी सपाटीवर ३२ ने गेलो तरी दोनशे वॉट (पायांची ताकद, पॉवर मीटर मोजतो ती) लागतात आणि अर्ध्या तासात तोंड कोरडं पडतं. इथे ३९ ला माझा आकडा १७० च्या आसपास. मला वाटलं पॉवर मीटर बिघडला.

बिघडला नव्हता. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने, त्यामुळे चाळिशीच्या वेगाला तुमचं जवळजवळ सगळं काम हवा कापण्यातच जातं, आणि ती हवा पुढचे कापून ठेवतात. २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्यावर विंड टनेल आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून एक अभ्यास झाला होता, त्यात आत आणि मागे असलेल्या रायडरला एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते ७ टक्के अडथळा लागतो असं निघालं. आमचा घोळका तेवढा शिस्तीतला अर्थातच नव्हता, पण आत शिरलं की वारा अक्षरशः बंद होतो, एखाद्या खोलीत आल्यासारखं. १८६९ साली पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची रेस झाली, तिथे जिंकणाऱ्या जेम्स मूरला दहा तासांहून जास्त वेळ लागला होता. म्हणजे ताशी बाराच्या आत. त्या वेगाला कोणाच्या मागे लपून काय मिळणार, बिचारा. आमचा सगळा खेळच लपण्याचा.

पण या खोलीचं भाडं असतं. पुढच्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकापासून हातभर लांब. माझ्यापुढे निळी जर्सीवाला एक मुलगा होता, त्याच्या चाकाच्या व्हॉल्व्हला टोपी नव्हती, आणि मी पहिला अख्खा लॅप त्या उघड्या व्हॉल्व्हकडे बघत काढला. गोल गोल गोल. मग बाजूने आवाज आला, "चाकाकडे नको बघूस, दोन माणसं पुढे बघ." काका! कुठून आले कोण जाणे. आणि पुढे म्हणाले, "कान उघडे ठेव." ते मला नंतर कळलं. पुढच्याने पॅडल मारायचं थांबवलं की त्याच्या मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, टिकटिक सुरू होते, तो वेग कमी करतोय हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. आणि दुसरं, तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी घालू नकोस. तो जरा सरकला की चाकाला चाक लागतं, त्याला काहीच होत नाही, तू आडवा. कारण हँडल तुझं अडकतं, त्याचं नाही. हे गणित इतकं अन्यायी आहे की ऐकल्यावर मी पुढची पाच मिनिटं नुसता मागे मागे राहत गेलो.

आणि तिथेच माझी रेस संपली, फक्त मला ते तासाभराने कळलं.

पहिल्या लॅपच्या कोपऱ्यावर मी साधारण तिसाव्या नंबरला असेन. पुढून ब्रेकचे आवाज आले, मग माझ्यापर्यंत सगळे जवळजवळ थांबले, पंधरा-वीसच्या वेगाने वळलो, आणि मान वर केली तर पुढचे कुठच्या कुठे. मग उठून, हँडलचे खाली वळलेले ड्रॉप्स धरून, जीव काढून स्प्रिंट. चिकटलो. धापा. हार्ट रेट १७८. वाटलं, काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्या लॅपला परत तेच.

घरी येऊन मी कागदावर मांडलं, कारण मला ते पटतच नव्हतं. तीस जण एका ओळीत, सायकल आणि मधली जागा धरून ओळ साधारण ऐंशी मीटरची. ताशी ४० ला पहिला आणि शेवटचा यांच्यात सात सेकंद. पण कोपऱ्यातून सगळे २० ने जातात म्हटल्यावर ती ऐंशी मीटरची ओळ पार व्हायला चौदा सेकंद. आणि पहिला तर बाहेर पडल्या पडल्या परत ४० ला लागलेला. सगळे परत ४० ला येतात तेव्हा तीच ओळ एकशे साठ मीटरची झालेली असते. म्हणजे शेवटच्याने काहीही न चुकता, काहीही न करता, ऐंशी मीटर गमावले. ते भरायचे तर ४५-५० ने, वाऱ्यात. पहिल्या पाच जणांना हे माहीतही नसतं, ते आरामात वळतात, पॅडल मारतात, जातात. एकच कोपरा, एकच रस्ता, आणि दोन वेगळ्या रेस.

म्हणजे आपण चढावर सुटतो, घोळक्याच्या मागे पडतो, असं वाटतं, पण चढावर फक्त हिशोब होतो. उधारी कोपऱ्यात झालेली असते.

चढावर मी खरंच बरा होतो हो. दुसऱ्या लॅपला पंधरा-सोळा जणांना मागे टाकून वर गेलो, तिथे तर वेगच कमी, लपण्याचा फायदा थोडा, ज्याचे पाय त्याचं राज्य. वर पोचलो तेव्हा मनात उगाच हवा. खाली उतारावर एक पोरगा सीट सोडून समोरच्या नळीवर बसला, हनुवटी हँडलवर, एकदम टीव्हीवर बघितल्यासारखा, आणि मार्शल मोटरसायकलवरून त्याच्यावर असा ओरडला की मीच दचकलो. २०२१ पासून यूसीआयने ते बसणं बंद केलंय, आणि बरंच केलंय, कारण तसं बसल्यावर खड्डा आला तर सायकल सावरणार कशी. उतार संपला आणि मी परत... तिसाव्या नंबरला. कसा? पुढे राहायची सवयच नाही. दोन्हीकडून लोक येत राहतात, आणि मी भला माणूस, "या ना, या" करत जागा देत राहतो. बसमध्ये सुद्धा मी शेवटीच चढतो.

तिसरा लॅप. कोपरा. यावेळी मी तयारीत होतो, गिअर आधीच हलका करून ठेवला. पुढच्यांनी ब्रेक मारला, मी मारला, वळलो, उभा राहिलो, आणि पायात काहीच नाही. दुखत वगैरे नव्हते. नुसते रिकामे. निळी जर्सी एका सायकलभर पुढे. मग दोन. मग तो उघडा व्हॉल्व्ह दिसायचा बंद झाला. दोन सायकलींचं अंतर म्हणजे किती, चार मीटर, चालत गेलं तरी तीन सेकंद. पण त्या चार मीटरमध्ये वारा परत अंगावर येतो, दार उघडल्यासारखा, आणि तुम्ही खोलीच्या बाहेर असता. मी मिनिटभर त्यांच्याएवढ्याच वेगाने गेलो, अंतर ना कमी ना जास्त, आणि मग कमरेतून वाकून कोपरं हँडलवर टेकली आणि बघत बसलो. घोळका किती शांत दिसतो मागून! आत असताना नुसती मारामारी असते.

मागे वळून बघितलं तर माझ्यामागून अजून बरेच जण, तुटक तुटक, तोंडं वाकडी करून येतायत. त्यातले आम्ही चार जण एकत्र आलो. एक एक मिनिट पुढे, मग बाजूला, मग मागे. चौघांतला एक कधीच पुढे यायचा नाही, त्याची पाळी आली की मान हलवायचा, पाठ दुखते म्हणून. असा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. शेवटच्या तीनशे मीटरला त्याची पाठ एकदम बरी झाली आणि तो आमच्या अंगावरून सुसाट गेला. आम्ही तिघंही त्याच्यामागे स्प्रिंट मारत, दात ओठ खात, अडतिसाव्या नंबरसाठी. हसू नका. त्या क्षणी मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी चाळिसावा आलो.

काका अकरावे. एका कोपऱ्यातही दहाव्याच्या मागे नव्हते म्हणे. नंबर काढायला परत मला हाक मारली, "ये रे, पिना काढ," आणि मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून पिना काढत कोपऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. पुढचे लोक कसे घाबरट, कसे उगाच ब्रेक मारतात, माझ्या पुढच्यांनी माझी रेस घालवली, पाय होते हो माझे. काका नुसते हं हं करत होते. मग म्हणाले, "तुझ्या मागे कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. मागे कोण बघतं?

संध्याकाळी त्या पाठदुखीवाल्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, त्याच्या हँडलवर कॅमेरा होता. तिसरा लॅप, कोपरा. समोर एक पाठ, नंबर जरा तिरका लागलेला, डावीकडची पिन चमकतेय. माझी पाठ. मी थांबवून थांबवून बघितलं. निळा मुलगा वळतो, जेमतेम ब्रेक लावतो. मी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक दाबतो, त्याच्या दुप्पट वेळ. कॅमेरा जोरात हलतो, कुणीतरी शिवी देतं. मग मी उभा राहतो, बसतो, परत उभा राहतो, पुढे रस्ता मोकळा होत जातो, आणि कॅमेऱ्याच्या मागे अजून आठ-नऊ जण आहेत, त्यांचे श्वास ऐकू येतायत. त्यात एक आवाज स्पष्ट आहे, दोनदा, फाटलेल्या गळ्याने, "गॅप भर रे! अरे ए, गॅप भर!"

तेव्हा मला तो ऐकूच आला नव्हता.