अल्कमेओनिदांच्या मागावर, अथेन्स ते डेल्फी

अथेन्समधल्या केरामैकोस या प्राचीन दफनभूमीच्या छोट्या संग्रहालयात एका काचेच्या पेटीपाशी मी बराच वेळ उभी होते. आत फुटक्या मडक्यांचे तुकडे आणि त्यांवर खरवडलेली नावं. त्यांतलं एक मेगाक्लीसचं, प्राचीन अथेन्सच्या अल्कमेओनिद या बड्या घराण्यातल्या पुढाऱ्याचं. आपण खापर दुसऱ्याच्या माथी फोडतो. अथेन्सचे नागरिक नकोशा पुढाऱ्याचं नाव खापरावर कोरत आणि त्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवत. मेगाक्लीसवर ही पाळी इ.स.पू. ४८६ मध्ये आली. त्याच वर्षी डेल्फीच्या स्पर्धेत त्याचा चार घोड्यांचा रथ जिंकला होता! त्याच्या नावाची हजारो खापरं इथल्या उत्खननात निघाली. कुणी त्याच्या घोड्यांवर राग काढलाय, कुणी त्याला थेट शापित म्हटलंय.

हा शाप जुना. इ.स.पू. सातव्या शतकात अथेन्सची सत्ता बळकावू पाहणाऱ्या किलोनचं बंड फसलं आणि त्याची माणसं अक्रोपोलिसच्या टेकडीवर देवीच्या आश्रयाला गेली. जिवाला धक्का लावणार नाही, असं सांगून त्यांना उठवलं आणि ठार केलं. काहींना तर वेदींपाशीच. तेव्हाचा मुख्य अधिकारी याच घराण्यातला, नावही मेगाक्लीसच. या पापापायी घराणं शापित ठरलं. पुढे ते सगळं हद्दपार झालं, पूर्वजांची हाडंसुद्धा उकरून बाहेर टाकली. हे सगळं आठवायला अक्रोपोलिसशेजारच्या अरेओपागसच्या खडकावर बसा. तिकीट नाही. खडक मात्र काचेसारखा गुळगुळीत झालाय, म्हणून जुन्या पायऱ्या सोडून लोखंडी जिन्यानेच चढा.

मग डेल्फी. अथेन्सहून बसने साधारण तीन तास. आम्ही एका दिवसात जाऊन आलो, ते चुकलं. एक रात्र तिथे राहा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. चढ आहे, सावली कमी, पाणी जवळ हवंच. अपोलोचं जुनं मंदिर इ.स.पू. ५४८ मध्ये जळालं आणि परागंदा अल्कमेओनिदांनी ते बांधून द्यायचं काम घेतलं. ठरला होता साधा चुनखडीचा दगड, त्यांनी दर्शनी भाग पारोसच्या संगमरवरात उभारला. पुढे इथल्या पुजारिणीच्या तोंडून येणारी देववाणी स्पार्टाला पुन्हा पुन्हा सांगू लागली, अथेन्स मुक्त करा. या घराण्याने तिला पैसे चारले होते, असं अथेन्सचेच लोक म्हणत, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. इ.स.पू. ५१० मध्ये अथेन्सचा हुकूमशहा हिप्पियास गेला आणि दोनतीन वर्षांत याच घराण्यातल्या क्लायस्थेनीसने लोकशाहीची घडी बसवली.

आज उभे दिसतात ते खांब नंतरच्या मंदिराचे, तिथे हा संगमरवर शोधू नका. तो बघायचा संग्रहालयात: जुन्या मंदिराच्या पूर्वेकडच्या, छताखालच्या दर्शनी त्रिकोणातली शिल्पं संगमरवरी, मागच्या बाजूची साध्या दगडाची. मला तर या दोन दगडांतला फरक बघण्यासाठीच डेल्फीला जावंसं वाटेल. स्थळ आणि संग्रहालय दोन्हीला मिळून निदान चार तास ठेवा.

अथेन्सला परतल्यावर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘अनाव्हिसोसचा तरुण’ हा पुतळा पाहा. त्याचं नाव क्रोइसोस, म्हणजे लिडियाच्या धनाढ्य राजाचंच. त्या राजाच्या खजिन्यातून या घराण्याच्या अल्कमेओनने बुटांत, कपड्यांत, अगदी तोंडातही सोनं भरून नेलं, अशी कथा आहे. म्हणून काही अभ्यासक हा तरुण याच घराण्यातला मानतात.

केरामैकोस मी आधी पाहिलं. तुम्ही डेल्फीनंतर पाहा, म्हणजे तो रथ आणि ती खापरं एकाच माणसाची, हे जास्त लागेल. थिसिओ स्थानकावरून चालत पाच-दहा मिनिटं.