आमची वाटचाल: मोरीत जाणारं हिरवं पाणी

कारली, दोडकी, पडवळ आणि रानातली करटोली वाळवून विकायची, एवढ्याच विचारावर आम्ही घरातल्या घरात सुरुवात केली. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, कारल्याच्या चकत्या त्यात पाच मिनिटं सोडायच्या, निथळायच्या आणि ड्रायरच्या ट्रेवर पसरायच्या. माल दिसायला सुरेख व्हायचा. पातेल्यातलं पाणी मात्र हिरवट, कडू होऊन रोज मोरीत जायचं.

"सत्त्व तर ओतून दिलंत, राहिलं काय?" कामावरच्या मावशींनी एक दिवस विचारलं. उत्तर देता आलं नाही, म्हणून शोधायला बसलो. १०० ग्रॅम कच्च्या कारल्यात क जीवनसत्त्व सुमारे ८४ मिलिग्रॅम असतं, उकडून निथळल्यावर उरतं ३३ च्या आसपास. ते आचेनं नासतं आणि पाण्यातही उतरतं. मीठ चोळून कारली पिळली, तरी रसाबरोबर ते जातंच. तंतू मात्र बहुतेक टिकतात. कॅरोटिनला तर शिजणं मानवतं, थोडं तेल असलं की ते अंगी जास्त लागतं.

त्याच महिन्यात पातेलं बाजूला ठेवून वाफेची जाळी घेतली. चकत्या पाण्यात बुडत नाहीत, त्यामुळे गळती कमी. वाळवणीत क जीवनसत्त्व आणखी घटतं, ते आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

पाकिटावर "ताज्यापेक्षा कितीतरी पट तंतू" असं छापा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. छापलं नाही. १०० किलो कारल्यात साधारण ९४ किलो पाणीच, वाळून जेमतेम साडेसहा किलो माल हाती येतो. पाणी गेलं म्हणून आकडा फुगला, तंतू वाढले नाहीत.

रानच्या मालानं एकदा चांगलंच शिकवलं. दोडक्याची एक खेप कडूजहर निघाली. दोनदा उकळली की कडूपणा जाईल, असं वाटलं. चव घेतलेल्या आम्हा दोघांना उलट्या झाल्या. दोडका-दुधीतलं हे कडू द्रव्य, कुकुर्बिटासिन, शिजवून जात नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नाही. अख्खी खेप खड्ड्यात पुरली. तेव्हापासून प्रत्येक दोडक्याच्या नि दुधीच्या देठाकडची कपची मावशी जिभेला लावून थुंकतात, मगच तो विळीवर जातो.