सोफा, चहा आणि कोरा फळा

सोमवार

हॉलवाल्या मामांशी आज सोफ्यावरून जुंपली. स्टेजवर पांढऱ्या खोळीचा तीन जणांचा सोफा, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, पुढं टीपॉय, टीपॉयवर प्लास्टिकची फुलं. हे सगळं हलवा म्हटलं तर मामा म्हणाले, "मग पाव्हणं कुठं बसायचं?" पाहुणे नाहीत म्हटलं. "आणि सत्कार?" सत्कारही नाही. मामा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "मग कार्यक्रम कसला करायलाय तुम्ही?"

प्रश्न रास्तच आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या या हॉलमध्ये साठेक जण जमणार. सगळे गेल्या काही वर्षांत स्वतःचा धंदा उभा करायला बसलेले. कुणी बेदाण्याची प्रतवारी करायचं मशीन बनवतो, कुणी हळद दळून पाकिटात भरून थेट गिऱ्हाइकाला पाठवते, कुणाचं दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर आहे, एकाची ड्रोनची फवारणी. भाषण एकही नाही. दिवसभरात कशावर बोलायचं हेही आधी ठरलेलं नाही. सकाळी आल्यावर ज्याचं जे अडलंय ते त्यानं चिठ्ठीवर लिहायचं, भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यात एखाद्या वेळेच्या आणि कोपऱ्याच्या चौकोनात चिकटवायचं, आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांनी त्या कोपऱ्यात जाऊन बसायचं.

ही पद्धत माझी नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसानं १९८५ साली तिची सुरुवात केली. त्याआधी त्यानं वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली होती, आणि लोकांनी सांगितलं काय, तर सगळ्यात चांगल्या होत्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. मग त्यानं परिषदच तशी करून टाकली : खुर्च्या गोलात आणि समोर कोरी भिंत. पुढं २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत संगणकवाल्या पोरांनी 'बारकॅम्प' भरवला, त्याचा साचाही असाच. पुढच्याच वर्षी दिल्ली-चेन्नईपर्यंत ते लोण आलं.

सांगलीत मात्र अवघड जातं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं, तेव्हापासूनची ही नाट्यपंढरी. इथं स्टेज रिकामं ठेवायचं म्हणजे लोकांना चुकल्यासारखं वाटणार. शेवटी मामांशी तडजोड झाली. सोफा स्टेजवरच राहील, पण त्याच्यापुढं पडदा ओढायचा.

बुधवार

ओवेनच्या पद्धतीत एक नियम आहे. बसल्या जागी तुम्हाला काही मिळत नसेल आणि तुमच्याकडून कुणाला काही मिळत नसेल, तर आपल्या दोन पायांनी उठायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. कुणी राग मानायचा नाही. सगळा खेळ या एका नियमावर चालतो, कारण कंटाळलेला माणूस बसून राहिला की तो मोबाईल काढतो, आणि एकानं काढला की गोलच्या गोल मोबाईलमध्ये.

आता हा नियम आपल्याकडं आणून बघा. मार्केट यार्डातला एखादा जुना अडत्या बोलतोय, समोर त्याच्याच ओळखीतला पंचविशीतला पोरगा बसलाय. तो उठेल? संध्याकाळपर्यंत त्याच्या वडिलांना फोन जाईल, "पोरगं मधूनच उठून गेलं, काय बिनसलं काय?" नियम ज्यांनी केला त्यांच्याकडं माणसं गळ्यात नावाची पट्टी अडकवून येतात, दोन दिवस भेटतात आणि आपापल्या गावी जातात. आपल्याकडं कुणी ना कुणी मेहुणा असतो, किंवा त्याच्या गाळ्यात आपण भाड्यानं असतो. सकाळी माईकवरून "बिनधास्त उठा" असं दहा वेळा सांगितलं तरी कुणी हलणार नाही.

यावर बराच वेळ डोकं चालवलं. शेवटी जे सापडलं ते चहाच्या टेबलावर. नेहमी आपण चहा अकराला आणि साडेतीनला ठेवतो, सगळ्यांना एकदम. तसं करायचंच नाही. चहा दिवसभर चालू, आणि टेबल हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला, मागच्या दाराशी. "जरा चहा घेऊन येतो" असं म्हणून सांगलीत कुणीही, कुणाच्याही समोरून उठू शकतो. मुख्यमंत्र्यांच्या समोरूनसुद्धा. चहा घ्यायला जाताना वाटेत बाकीचे तीन कोपरे लागतील असंच टेबल ठेवायचं. परतताना माणूस कुठं बसला हे कोण बघतंय?

केटरर म्हणाला, दिवसभर चहा म्हणजे दूध जास्त लागेल, पैसे वाढतील. वाढू देत. या दिवसात सगळ्यात उपयोगी पडणारा खर्च तोच आहे. भडंगाच्या डिशही तिथंच ठेवायला सांगितल्यात.

शुक्रवार

आज दिवसभर फोन. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्यांशी तरी बोलून घ्यायचं ठरवलं होतं. विषय आधी ठरवायचे नाहीत म्हणजे तयारी करायची नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. माझ्या मते भाषणांच्या कार्यक्रमापेक्षा इथं तयारी जास्त लागते, फक्त ती दिसत नाही. सकाळी कोऱ्या तक्त्यासमोर साठ माणसं उभी राहिली आणि पहिली चिठ्ठी लावायला कुणीच पुढं झालं नाही, तर दहा मिनिटांत मूड जातो. म्हणून चार-पाच जण तरी मनात प्रश्न घेऊनच आले पाहिजेत.

फोनवर पहिल्यांदा सगळे एकच सांगतात. "मार्केटिंग ठेवा." "फंडिंग ठेवा." "एआय ठेवा की एखादं." असल्या विषयाला गर्दी होते आणि बोलतो एकच जण, ज्यानं त्यावर यूट्यूब बघितलंय तो. मग मी विचारतो, मार्केटिंगमध्ये तुमचं काय अडलंय? मागच्या महिन्यात नेमकं काय झालं? तिथून खरी गोष्ट सुरू होते.

हळदवाल्या ताईंचंच घ्या. त्यांचाही विषय आधी मार्केटिंगच होता. खोदून विचारल्यावर कळलं, माल खपतोय चांगला. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानदाराकडं चार महिन्यांचं बिल अडकलंय आणि तो पुढची ऑर्डर देतोय. पुढचा माल पाठवावा तर अजून पैसे अडकणार, नाही पाठवला तर मागचेही जाणार. "ताई, हेच लिहा," म्हटलं. "पुढचा माल थांबवू का?" एवढंच. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, हे सगळ्यांसमोर कसं लिहायचं? लोकांना वाटंल हिचं बुडालं." पुढच्या तासाभरात आणखी तिघांनी, एकमेकांना न विचारता, हेच दुखणं सांगितलं.

उधारीच्या या कोपऱ्यात एखादा सीए बसवला तर बरं पडेल असं वाटलं. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात आहे, की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत आणि करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशी थकवलेली बिलं खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. हे ताईंना माहीत नव्हतं. पण नुसता कायदा सांगून काय उपयोग? नोटीस धाडली की पैसे कदाचित येतील, गिऱ्हाईक नक्की जाईल. ते गणित सीएला येत नाही, ज्यानं एकदा नोटीस धाडलीय त्यालाच येतं. म्हणून सीए येईल, पण बाहेरच्या खुर्चीवर बसेल आणि विचारलं तरच बोलेल. तसं त्याला सांगितलं तर जरा नाराज झाला. होऊ दे.

याच फोनांमधून एक नियमही सुचला, तो तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहिणार आहे : "तुम्ही असं करा" म्हणायचं नाही, "मी असं केलं आणि असं झालं" एवढंच म्हणायचं. सल्ल्याची आपल्याकडं ददात नाही. ज्यानं स्वतः केलं नसेल त्याला या नियमानं आपोआप गप्प बसावं लागतं, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आणखी आलेले प्रश्न : भावाला भागीदार केलंय, आता पगार किती धरायचा. शिकवून तयार केलेली पोरं पुण्याला जातात, थांबवायची कशी. आणि कृष्णाकाठच्या एका वर्कशॉपवाल्याचा : २०१९ ला आयर्विन पुलाशी धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून पाणी कितीतरी वर गेलं, लेथ मशीन पाण्यात राहिलं, आता जागा बदलू की मशीन उंचावर बसवू? या शेवटच्या प्रश्नाला मी स्वतः बसणार आहे.

शनिवार

ताईंची भीती डोक्यातून जात नव्हती. बाहेरच्या देशात यावर चॅटम हाउसचा नियम वापरतात. लंडनच्या त्या संस्थेनं १९२७ साली केलेला. ऐकलेली गोष्ट बाहेर वापरा, पण ती कुणी सांगितली हे सांगू नका. छान आहे, पण लंडनसारख्या शहरात. इथं "कुपवाडमधला बेदाणा मशीनवाला म्हणाला" असं नाव न घेता जरी सांगितलं, तरी तो कोण हे तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या हमालालासुद्धा कळतं. माणसाचं नाव लपवून आपल्याकडं काहीच लपत नाही.

म्हणून उलटं करायचं ठरवलंय. आपण होऊन बाहेर काहीच जाणार नाही. प्रत्येक गोलाच्या शेवटची पाच मिनिटं फक्त एवढ्याच कामाला : यातलं काय बाहेर सांगायला हरकत नाही? ज्याचा प्रश्न आहे त्यानं हो म्हटलं तेवढंच एका कागदावर लिहून तक्त्याशेजारी लावायचं. फोटो बंद. व्हॉट्सॲप स्टेटसला तर अजिबात नाही. स्टेटसच्या बंदीवर समितीतल्या एकानं आज तोंड वाकडं केलं, म्हणे मग कार्यक्रम झाला हे लोकांना कळणार कसं. संध्याकाळी स्टेजसमोर सगळ्यांचा एक फोटो काढू म्हटलं. (पडदा ओढलेला असेल तरच.)

ताईंना रात्री फोन केला आणि हे सांगितलं. "मग लिहिते," म्हणाल्या.

रविवार

तक्ता झाला. ब्राउन पेपरचे चार ताव चिकटवले. वर वेळा, बाजूला जागा : स्टेजजवळ, जिन्याखाली, खिडकीपाशी, बाहेर वडाखाली. प्रत्येक बैठक पाऊण तासाची, मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. एका गोलात बारापेक्षा जास्त खुर्च्या नाहीत, जास्त माणसं आली तर दोन गोल. जेवणानंतरचा पहिला चौकोन मुद्दाम कोरा ठेवलाय, सकाळच्या बोलण्यातून जे निघेल त्याला.

दुपारी समितीतल्या ज्येष्ठ काकांचा फोन आला. मिरज एमआयडीसीत त्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा कारखाना आहे, मदतही त्यांनी मोठी केलीय. त्यांना चार शब्द बोलायचे होते. नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि हो म्हणायचं नव्हतं. म्हटलं, "काका, बोला की. पण बोलण्याऐवजी पहिली चिठ्ठी तुम्ही लावा. तुम्ही लावलीत की बाकीचे लावतील."

"माझं काय अडलंय आता या वयात?"

मी काहीच बोललो नाही. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"पोरगा माझा कारखाना नको म्हणतोय, स्वतःचं काहीतरी काढलंय. हे चालंल?"

चालेल म्हटलं.

"मग लिहितो. फक्त त्या गोलात त्याला बसवू नका."

फोन ठेवून यादी उघडली. पोराचं नाव आहे, नोंदणी पहिल्याच दिवशी केलीय, आणि "काय बोलायला आवडेल" या रकान्यात लिहिलंय : वडिलांचा धंदा सोडून आपला काढताना घरात कसं सांगायचं. दोन्ही चिठ्ठ्या सकाळीच लागणार. एक वडाखाली आणि एक जिन्याखाली, आणि वेळ एकच ठेवायची, म्हणजे बाप पोराच्या गोलात जायचा नाही आणि पोरगा बापाच्या. कोण कुठं, ते उद्या हॉलवर गेल्यावर बघतो. वडाखालचं बोलणं खिडकीतून आत ऐकू येतं का, तेही तपासायला हवं.